‘त्यात काय सांगायचं?’ म्हणणाऱ्या आईचं चरित्र

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. माझी आई ऐंशी वर्षांची आहे. माहेर भोरजवळच्या खेड्यातलं, शिक्षण सातवीपर्यंत. १९६४ साली लग्न होऊन ती नारायण पेठेतल्या वाड्यात आली. बाबा गेले तेव्हा आम्ही तिन्ही भावंडं लहान होतो. चुलत्यांनी खोल्या सोडायला लावल्या. आईने शनिवार पेठेत भाड्याने दीड खोली घेतली आणि वीसेक वर्षं विद्यार्थ्यांचे डबे करून आम्हाला शिकवलं. त्याच काळात ती भजनी मंडळात पेटी शिकली, अजूनही रोज वाजवते. येत्या डिसेंबरात तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं घाटतंय, हातात नऊ-दहा महिने आहेत. त्या दिवशी तिच्या आयुष्यावरचं छोटंसं पुस्तक तिच्या हातात द्यावं असं मनात आहे. पण विचारायला बसलं की ती म्हणते, "त्यात काय सांगायचं? तेव्हा सगळ्यांचं तसंच होतं." सनावळ्यांचाही घोळ आहे. बाबा १९७६ ला गेले की १९७७ ला, यावर आम्हा भावंडांत एकमत नाही. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९४५ आहे, आणि आई म्हणते मी रथसप्तमीची. पानशेतच्या पुराचं वर्णन तर ती स्वतः पाहिल्यासारखं करते. मी आजवर काही लिहिलेलं नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर

ताई, नमस्कार.

आई टाळत नाहीये. "तुझ्या आयुष्याबद्दल सांग", "ते दिवस कसे काढलेस?" या प्रश्नांना कोणाकडेच उत्तर नसतं. इतक्या मोठ्या प्रश्नावर माणूस एक तर गप्प बसतो, नाहीतर चार ठरीव वाक्यं म्हणून मोकळा होतो. तिला विचारा, "डब्यांसाठी कणीक कशात भिजवायचीस? परात कुठली होती? पहिली पोळी तव्यावर किती वाजता पडायची?" ज्या कामात वर्षानुवर्षं हात गेले, त्या कामाची माहिती जिभेवर तयार असते. त्या कामाच्या मागेच बाकीचं सगळं येतं: रॉकेलची रांग, भुशाची शेगडी कशी ठासून भरायची, कोण मुलगा महिन्याचे पैसे बुडवून गेला, कोणाची आई गावाहून तांदूळ घेऊन आली.

इथे थोडं गणित केलं तर फार मदत होते. समजा, आई म्हणाली बावीस डबे होते, दोन वेळा, डब्यात चार पोळ्या. म्हणजे दिवसाला १७६ पोळ्या. घडीची मध्यम पोळी धरली तर किलोभर कणकेच्या तीसेक होतात, म्हणजे रोजची कणीक सहा किलोच्या आसपास. सराईत हाताला एका तव्यावर पोळीमागे सव्वा मिनिट धरलं, तर नुसत्या पोळ्यांना पावणेचार तास लागतात. भाजी, आमटी, भात, डबे घासणं यातलं काही त्यात आलेलं नाही. हा हिशेब तिच्यासमोर मांडा. ती तो दुरुस्त करील: "छे, दोन तवे होते, शेजारच्या काकू भाजायला बसायच्या." आणि आजवर घरात कोणाला ठाऊक नसलेल्या एका बाईचा तुमच्या पुस्तकात प्रवेश होईल. हाच हिशेब उलटाही उपयोगी पडतो. कोणी कौतुकाने "आई शंभर डबे करायची" असं सांगू लागलं, तर ८०० पोळ्यांना एका तव्यावर साडेसोळा तास लागतात हे लक्षात ठेवा. आठवणीतला आकडा वर्षागणिक फुगतो. खरा आकडा शोधून तोच छापा, कारण तोही काही लहान नाही.

कष्टाचं आयुष्य लिहिताना नवखा हात 'खडतर', 'हालअपेष्टा', 'जिद्द', 'चिकाटी' या शब्दांवर विसंबतो. वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही. धोंडो केशव कर्वे यांचं उदाहरण घ्या. मुलकी परीक्षेला बसण्यासाठी ते मुरूडहून सुमारे ११० मैल चालत साताऱ्याला गेले, आणि तिथे सतरा वर्षांपेक्षा लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढं सांगितलं की त्या मुलाच्या चिकाटीबद्दल आणखी एक शब्दही लिहावा लागत नाही. अंतर, कारण आणि नकार, तिन्ही नेमके आहेत. तुमच्या आईच्या कहाणीत अशा जागा असणारच. तुमचं काम त्या शोधून काढण्याचं आहे, त्यांना विशेषणं लावण्याचं नाही.

पैशांबद्दल विचारायला संकोचू नका. आपल्याकडच्या चरित्रांत हीच बाजू सर्वांत कच्ची राहते. डब्याचा महिन्याचा दर काय होता, तो कोणत्या वर्षी वाढवला, वाणी उधारी किती दिवस थांबवायचा, फीची तारीख आली की काय मोडलं किंवा कुठे ठेवलं? खाशाबा जाधव यांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. खाशाबांच्या कांस्यपदकाची गोष्ट या गहाणखताशिवाय अपुरी आहे. एकट्याने सगळं केलं अशी आयुष्यं फार क्वचित असतात. म्हणून प्रत्येक कठीण वळणावर एक प्रश्न ठरवून विचारा: तेव्हा कोण उभं राहिलं? घरमालक, मोठ्या वर्गातला, डबा लावलेला एखादा मुलगा, शाळेतल्या बाई, जो कोणी असेल तो. आई यांची नावं आनंदाने सांगेल. स्वतःबद्दल बोलायला लाजणारी माणसं दुसऱ्याच्या उपकारांबद्दल भरभरून बोलतात, आणि त्या ओघात स्वतःचंही बरंच सांगून जातात.

आता पेटी. पत्रात तुम्ही ती एका वाक्यात उरकली आहे. आमच्या मते पुस्तकाचा किमान चौथा भाग तिच्यावर असावा. दिवसाला पावणेदोनशे पोळ्या लाटून संध्याकाळी पेटीपुढे बसणाऱ्या बाईला त्यातून काय मिळत होतं, हे कळल्याशिवाय बाकीचं आयुष्य नीट कळणार नाही. तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: सुरुवात कधी झाली, कशासाठी झाली, आणि गोडी कधी लागली? ही तीन उत्तरं बहुधा एक नसतात. मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं, तेव्हा उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. त्याच पोहण्यात त्यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक मिळवलं. उपचाराचं वेड कसं झालं, हा त्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. आईच्या बाबतीतही मंडळात कोणी पेटीवाली नव्हती म्हणून ती बसली असेल, आणि गोडी दोन-तीन वर्षांनी लागली असेल.

हे बोलणं पेटी समोर ठेवूनच करा. बोलता बोलता तिचा हात पट्ट्यांवर जाईल, जाऊ द्या. पूर्वी कोणत्या पट्टीत म्हणायचीस आणि आता कोणत्या, हे विचारा. आवाज वयाबरोबर उतरतो. काळी पाचमध्ये, म्हणजे पाचवी काळी पट्टी सा धरून, म्हणणाऱ्या बाया पुढे काळी तीनवर येतात, आणि ती उतरण नेमकी कधी झाली हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पेटी कोणाची होती, नवी की जुनी, पावसाळ्यात कोणता सूर अडकायचा, भाता कोणाकडून चिकटवून घ्यायची, पहिलं संपूर्ण बसलेलं भजन कोणतं, हे सगळं विचारा. ते भजन वाजवून घ्या आणि ध्वनिमुद्रित करा. भात्याच्या बाजूला फोन ठेवलात तर हवेचा फसफसाट येईल. तो तिच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर ठेवा.

ध्वनिमुद्रणासाठी तुमचा फोन पुरतो, काही अटी पाळायच्या. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेली बैठक एका फोनमुळे तुटते. तो थेट टेबलावर ठेवू नका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक कपाचा ठोका नाहीतर आवाजात उतरतो. तोंडापासून अंतर ३० ते ४० सेंटिमीटर. पंखा बंद, स्वयंपाकघरात कुकर नाही. सेटिंगमध्ये वेव्ह हा फाइलचा प्रकार मिळत असेल तर तो निवडा. एका माइकवर तासाला साधारण ३०० एमबी जागा लागते, ती आधी मोकळी करा. नसेल तर एम-फोर-ए चालेल, त्याला तासाला साठेक एमबी पुरतात. पहिल्या दिवशी दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका आणि मगच सुरू करा. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला तारीख, जागा आणि कोण कोण बसलंय हे मोठ्याने बोला. चार महिन्यांनी फाइलींची नावं गोंधळतात, तेव्हा हेच कामी येतं. त्याच संध्याकाळी फाइल लॅपटॉपवर आणि भावंडांपैकी एकाकडे पाठवा.

बैठक पाऊण तासाची, आठवड्यातून एक, दुपारच्या झोपेनंतर, चहा झाल्यावर. अशा बारा बैठका झाल्या की नऊ तासांचं बोलणं जमा होतं, आणि तुमच्या पुस्तकाला ते भरपूर आहे. सुट्टी आहे म्हणून एका दिवसात चार तास बसलात तर आई दमेल, आणि तिसऱ्या तासापासून "हो", "नाही", "असेल" एवढंच ऐकायला मिळेल.

खोलीत तुम्ही दोघीच असा. ही अट कितीही परकी वाटली तरी मोडू नका. भाऊ शेजारी बसला की "अगं, ते अठ्ठ्याहत्तर नाही, एकोणऐंशी" सुरू होतं, आई सनावळीत अडकते आणि सांगत असलेली गोष्ट तिथेच विरते. तुम्हीही मध्ये दुरुस्ती करायची नाही. चुकलेलं वही-पेन्सिलीने टिपून ठेवा आणि पुढच्या वेळी विचारा. ती गप्प झाली की लगेच दुसरा प्रश्न टाकू नका. मनात दहापर्यंत आकडे मोजा, निम्म्या वेळा ती स्वतःच पुढे बोलते. डोळ्यांत पाणी आलं तर "थांबायचं का?" एवढंच विचारा आणि ती म्हणेल तसं करा. बाबांच्या जाण्यावर बोलणं झालं, त्या दिवशी बैठक तिथे संपवू नका. शेवटची दहा मिनिटं पेटीकडे किंवा माहेरच्या शेताकडे वळवा, म्हणजे रात्र तिला जड जाणार नाही.

सनावळ्यांचं आता बघू. "कोणत्या साली?" या प्रश्नाला आईकडून बरोबर उत्तराची अपेक्षा धरू नका. "कशाच्या आधी, कशाच्या नंतर?" असं विचारा. तिच्या पुण्यातल्या आयुष्यात काही पक्क्या खुणा आहेत. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटे साडेचारच्या सुमाराला: तेव्हा कडेवर कोण होतं? १९७२ चा दुष्काळ, रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी. आणीबाणी, २५ जून १९७५ नंतरची. जोशी-अभ्यंकर खुनांचा काळ, १९७६ ते ७७, जेव्हा पेठांत दिवेलागणीनंतर दारं बंद होत. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण, रस्ते ओस पडलेले. इंदिरा गांधींची हत्या, ३१ ऑक्टोबर १९८४. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. बाबा गेले तेव्हा संध्याकाळी बाहेर पडायची भीती होती का, एवढं विचारलंत तरी बरंचसं उलगडेल. अर्थात इथे आठवणीवर थांबायची गरज नाही. मृत्यू शहरात झाला असेल तर नोंद महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत मिळते. दोन्ही वर्षांचा शोध घ्यायला सांगा आणि दाखला काढून घ्या. भावंडांचा वाद तिथे मिटेल.

एक सावधगिरी. आई 'चार आणे' किंवा 'शेर' म्हणाली म्हणून ती गोष्ट जुनी ठरत नाही. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, तरी पंचवीस पैशांना चार आणे म्हणणं पुढे कित्येक वर्षं चाललं. वजनामापांचंही तेच.

जन्मतारखेत आईवर विश्वास ठेवा. १ जून ही त्या पिढीतल्या असंख्य लोकांची दाखल्यावरची तारीख आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, घरी लिहिलेली तारीख नसायची, मग गुरुजी अंदाजाने वय धरून १ जून टाकायचे. पत्रिका किंवा माहेरच्या कोणाच्या वहीत शक नोंदलेला आहे का ते शोधा. शकाचा इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. रथसप्तमी माघात येते, म्हणून शके १८६७ ची रथसप्तमी असेल तर ती फेब्रुवारी १९४६ मधली. सहस्रचंद्रदर्शनालाही याने फरक पडतो. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवस असतात, म्हणजे हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि सुमारे दहा महिने लागतात. फेब्रुवारी १९४६ धरलं तर डिसेंबर २०२६ येतो, म्हणजे तुमचा डिसेंबर तिच्या रथसप्तमीशी जुळतो. दाखल्यावरची तारीख धरली तर हजारावी पौर्णिमा डिसेंबरच्या कितीतरी आधीच होऊन गेलेली असेल.

पानशेतबद्दल. धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला आणि आई पुण्यात आली १९६४ साली, म्हणजे तिने तो पूर पाहिलेला नाही. ती खोटंही बोलत नाहीये. नारायण पेठेतल्या नदीकाठच्या वाड्यांत पुढची कित्येक वर्षं त्या दिवसाखेरीज दुसरा विषय नव्हता. सासूबाईंकडून, शेजारणींकडून शंभरदा ऐकलेलं डोळ्यांपुढे घडल्यासारखं होऊन बसतं. तो मजकूर काढू नका. "सासूबाई सांगायच्या" असं म्हणून ठेवा आणि तिला विचारा की ती आली तेव्हा पुराच्या कोणत्या खुणा उरल्या होत्या: भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेली आळी, दुरुस्त केलेला जिना. ते तिने खरंच पाहिलेलं आहे, आणि तिच्या तोंडून ते अधिक मोलाचं ठरेल. बाकीच्या गोष्टींनाही हीच चाळणी लावा. कच्च्या टिपणात समासात 'पाहिलेलं' किंवा 'ऐकलेलं' अशी खूण करत जा.

घरातली कागदपत्रं आत्ताच बाहेर काढा. रेशन कार्डं, भाडेपावत्या, पोस्टाची पासबुकं आणि सगळ्यांत आधी डब्यांची हिशेबाची वही, असली तर. पेन्सिलीचे आकडे पुसट होत जातात. प्रत्येक पानाचा फोटो दिवसा, खिडकीपाशी, फ्लॅश न वापरता घ्या. जुने छोटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. अल्बमला चिकटलेला फोटो सोलून काढू नका, पान तसंच स्कॅन करा. फोटोतल्या प्रत्येकाचं नाव आईला विचारून लिहा. ती माणसं ओळखणारी आता तीच एक आहे. तारीख तपासायला त्या काळचे वर्तमानपत्राचे अंक हवे असतील तर पुणे मराठी ग्रंथालयात आधी चौकशी करा, ते तुमच्या आईच्या जुन्या पेठेतच आहे.

चुलत्यांचा विषय नाजूक आहे. आई जे सांगेल ते सगळं रेकॉर्ड करा, थांबवू नका. छापायचं काय हे नंतर ठरवा आणि ते आईने ठरवावं. चुलतभावंडं समारंभाला येणार असतील, पुस्तक त्यांच्याही हातात पडणार. आमचं मत असं, की आईने काय केलं ते पूर्ण लिहावं आणि दुसऱ्यांनी का केलं याचा निवाडा करू नये. "श्रावणात खोल्या सोडाव्या लागल्या. सामान एका हातगाडीत मावलं." एवढ्यात सगळं येतं, आणि ते कोणाला खोडताही येत नाही. हातगाडी होती की टांगा, हे मात्र आईला विचारून मगच लिहा.

लेखनाचं काम खरं तर कापण्याचं आहे. मिनिटाला शंभर शब्द धरले तर नऊ तासांत पन्नास हजारांवर शब्द होतील. डेमी आकाराचं ६४ पानांचं पुस्तक ठरवा. सोळा पानं एकत्र छापतात, त्याला फॉर्म म्हणतात. असे चार फॉर्म होतात, छपाईला सोयीचं पडतं. वाचणारे बरेचजण वयस्क असणार, म्हणून टाइप १४ पॉइंटचा, पानावर अडीचशेच्या आसपास शब्द. फोटोंना आणि वंशावळीला सोळा पानं सोडली तर उरलेल्या अठ्ठेचाळीस पानांत बारा हजार शब्द बसतात, म्हणजे चारातले तीन शब्द गाळायचे आहेत. आधी सगळं उतरवून काढा. तासाभराच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास लागतात. फोनवरच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीने वेळ वाचतो, पण भोरकडचे शब्द ती हमखास बिघडवते, म्हणून ऐकत ऐकत दुरुस्त करा.

मजकूर आईच्याच तोंडी, 'मी'मध्ये ठेवा. तिची वाक्यं पुस्तकी करू नका. ती 'इस्टू' म्हणत असेल तर 'स्टोव्ह' करू नका. पहिलं प्रकरण जन्मापासून सुरू करण्याऐवजी डब्यांच्या दिवसांतला एक पूर्ण दिवस द्या, पहाटेपासून पेटी बंद होईपर्यंत. मग माहेराकडे जा. शेवटचं प्रकरण आजच्या दिवसाचं करा आणि समारोपाचं भाषण लिहू नका.

उतरवणं आणि कापणं जुलैअखेर संपवा. गणपतीच्या आधी पूर्ण मजकूर आईला मोठ्याने वाचून दाखवा, दोन-तीन दिवसांत थोडा थोडा. ती जिथे "असं नव्हतं" म्हणेल तिथे बदला, जिथे "हे नको" म्हणेल तिथे विनातक्रार काढा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मजकूर छपाईला द्या, कारण दिवाळीच्या आधीचे आठवडे पुण्यातल्या छापखान्यांना दिवाळी अंकांमुळे फुरसत नसते. तुमचा युनिकोड मजकूर डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पानं लावणारे, दुसऱ्या फाँटमध्ये बदलतात तेव्हा जोडाक्षरं आणि 'ऱ्या'सारखी अक्षरं तुटतात, त्यामुळे प्रूफं दोनदा वाचा. दुसऱ्यांदा, मजकूर आधी न पाहिलेल्या माणसाकडून वाचून घ्या. आतला कागद ७० किंवा ८० जीएसएम (कागदाचं वजन) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा पांढरा कागद, फोटोंची पानं आर्ट पेपरवर. एवढ्या पानांना मधली पिन पुरते. शंभर-दीडशे प्रती डिजिटल छपाईत निघतात. आतल्या पानावर 'खासगी वितरणासाठी' असं छापा.

या रविवारी एवढंच करा: चहा झाला की आईसमोर जुनी परात ठेवा, फोन सुरू करा आणि कणकेबद्दल विचारा.